२०५१ साली गोव्यात किती माणसं? काकाला खोल्या बांधायच्यात

गेल्या चवथीची, म्हंजे गणेशचतुर्थीची गोष्ट. माटोळी (गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगतात ती चौकट) बांधायची म्हणून काका शिडीवर चढलेला आणि मी खाली उभा राहून सुपारीचे घोस, तोरंजनं, कांगलां एकेक वर देतोय, आणि मधेच काका म्हणाला, "तू त्या पाण्याच्या पायपाचं काम करतोस ना, पुढे लोकवस्ती किती होणार तेपण तुम्हीच काढता म्हणे. मग सांग बघू, पेडण्यात पंचवीस वर्षांनी किती माणसं असतील?"

वीस वर्षं मी या लायनीत आहे, काकाने माझ्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. कारण अर्थातच आमच्या पेडणे तालुक्यातला मोपाचा नवा विमानतळ. घराच्या मागच्या बाजूला काजूचा एक तुकडा आहे, तिथे भाड्याच्या खोल्या काढायच्या होत्या, चार काढू की आठ एवढंच त्याला ठरवायचं होतं. विमानतळावर लागलेली पोरं बाईक घेऊन वाड्यावाड्यात "रूम आहे का" विचारत फिरतात, ते बघून आमच्याकडे ज्याला त्याला खोल्यांचं वेड लागलंय. मी म्हटलं दोन दिवसांत सांगतो. त्याला कितीतरी महिने लागले, काका अधूनमधून आठवण करायचा. काकाला काय काय सांगितलं ते आता एकदा नीट लिहूनच काढतो, म्हंजे माझंही डोकं साफ होईल.

आधी ऑफिसात हे कसं चालतं ते सांगतो, म्हंजे बाहेरच्यांना वाटतं तेवढं ते भारी नाही हे कळेल. पाणीपुरवठ्याची योजना करायची तर तीस वर्षांनी त्या भागात किती लोक असतील ते धरावं लागतं, मग माणशी इतके लिटर (खेड्यात जल जीवनचे ५५, सांडपाण्याची लाइन असलेल्या शहरात १३५) असा गुणाकार, आणि त्यावरून पायपाचा डायमीटर. लोकसंख्येसाठी आमच्याकडे एक एक्सेल शीट आहे, ती कोणी केली हे आता कोणालाच आठवत नाही, तिच्यात मागच्या जनगणनांचे आकडे टाकले की तीन उत्तरं येतात. एक अरिथमेटिक, म्हंजे दर दशकाला सरासरी जेवढी माणसं वाढली तेवढीच पुढे वाढत जातील. दुसरं जिऑमेट्रिक, म्हंजे टक्का तोच राहील, चक्रवाढ व्याजासारखं. तिसरं इन्क्रिमेंटल, म्हंजे वाढसुद्धा दर दशकाला कमी-जास्त होतेय ती पण धरायची.

आता ही गंमत बघा. गोव्याचे आकडे असे आहेत: १९७१ला ७ लाख ९५ हजार, १९८१ला १० लाख ८ हजार, १९९१ला ११ लाख ७० हजार, २००१ला १३ लाख ४८ हजार, २०११ला १४ लाख ५९ हजार. हे शीटमध्ये टाकून २०५१ काढलं तर अरिथमेटिक म्हणतं सव्वाएकवीस लाख, जिऑमेट्रिक म्हणतं पावणेसत्तावीस लाख, आणि इन्क्रिमेंटल म्हणतं पावणेअठरा लाख. तिन्हीकडे आकडे तेच, राज्य तेच, आणि उत्तरांत नऊ लाखांचा फरक, म्हंजे पेडणे, बार्देस, तिसवाडी, डिचोली, सत्तरी आणि फोंडा मिळून २०११ला जेवढी माणसं होती त्याहून जास्त. मग यातलं कुठलं घ्यायचं? खरं सांगू, बहुतेक वेळा बजेट बघून घेतात. मोठी योजना पाहिजे असेल तर जिऑमेट्रिक.

मी एकदा रिकामा असताना (पावसाळ्यात साइट बंद होती) उलटा खेळ करून बघितला. समजा मी १९६०मध्ये पणजीत बसलेला कोणी कारकून आहे आणि मला १९७१चा अंदाज काढायचाय. मागच्या दहा वर्षांत गोवा ५ लाख ४७ हजारावरून ५ लाख ९० हजारावर आला होता, म्हंजे पावणेआठ टक्के वाढ. तोच टक्का पुढे लावला तर १९७१ला सुमारे ६ लाख ३६ हजार. प्रत्यक्षात झाले ७ लाख ९५ हजार. दहा वर्षांत दीड लाखाहून जास्त माणसांची चूक, आणि त्यात कारकुनाचा दोष काय? १९ डिसेंबर १९६१, गोवा मुक्त झाला तो दिवस, त्याच्या वहीत कुठून येणार.

बरं, आता १९७१मध्ये बसा. आता वाढ दिसतेय पावणेपस्तीस टक्के. मुक्तीनंतर सरकारी खाती उघडली, शाळा निघाल्या, खाणी जोरात, शिकलेली माणसं महाराष्ट्रातून कर्नाटकातून केरळातून येऊन राहिली. हाच टक्का धरून चाळीस वर्षं पुढे गेलात तर २०११ला गोव्यात सव्वासव्वीस लाख लोक पाहिजेत. होते साडेचौदा. म्हंजे पहिला कारकून कमी सांगून चुकला आणि दुसरा जास्त सांगून, दोघांनीही केलं तेच, मागे बघितलं आणि पट्टी ठेवून रेघ पुढे ओढली.

म्हणून ज्यांना हे नीट करायचं असतं ते रेघ ओढत नाहीत. ते माणसं वयाप्रमाणे वेगळी करतात, पाच-पाच वर्षांचे गट, बाई-बुवे वेगळे, आणि प्रत्येक गटाला पाच वर्षं पुढे ढकलतात. त्यातली काही मरतात, काही बाहेर जातात, काही बाहेरून येतात, आणि मुलं होण्याच्या वयातल्या बायांना किती मुलं होतील ते धरून खाली नवीन शून्य ते चारचा गट येतो. ऐकायला किचकट पण आमच्या प्राथमिक शाळेची पटसंख्या काढतो तसंच आहे ते, पहिलीतली पोरं पुढच्या वर्षी दुसरीत, कोणाचा बाप बदली होऊन गेला तर एक कमी, कोणी नवीन आलं तर एक जास्त. देशाचे अंदाज असेच काढतात. केंद्राच्या तज्ज्ञ गटाने २०११ ते २०३६ असा अंदाज केला होता त्यात २०३६ला भारत १५२ कोटींवर जाईल असं आहे. देशाच्या पातळीवर ही पद्धत बऱ्यापैकी चालते कारण १४० कोटींच्या देशात कोण बाहेर गेलं कोण आत आलं याने फारसा फरक पडत नाही, जन्म आणि मृत्यू हे दोनच मोठे आकडे, आणि ते सावकाश बदलतात.

गोव्यात एकदम उलटं आहे. इथे जन्म-मृत्यूचा भाग सोपा आहे आणि तो ऐकून काका गप्पच झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२०मध्ये झालं त्यात गोव्याचा प्रजनन दर १.३ आला, म्हंजे एका बाईला सरासरी सव्वा मूल म्हणा. आई-बापाची जागा भरून निघायला २.१ लागतात. सरळ भाषेत, आज शंभर बाया असतील तर त्यांच्या पोटी पुढच्या पिढीत साधारण बासष्ट बाया, त्यांच्या पोटी अडतीस-एकोणचाळीस. कोणी आलं नाही कोणी गेलं नाही असं धरलं तर २०५१चा गोवा आजच्यापेक्षा लहान आणि म्हातारा. २०११लाच साठीच्या वरची माणसं ११ टक्क्यांच्या पुढे होती, देशात केरळच्या खालोखाल. आणि शीट सांगते सव्वाएकवीस लाख! शीटला मुलं होतात की नाही हे माहीतच नाही, तिला फक्त बेरीज येते.

आमच्या वाड्यावरची सरकारी मराठी शाळा घ्या. मी होतो तेव्हा चार वर्गांत मिळून चाळीसच्या वर पोरं, दोन बाई, एक मास्तर. आता एक बाई आणि बारा पोरं. पण त्या बारांतली सात पोरं कोणाची? बांधकामावरच्या, बागेत राबणाऱ्या कर्नाटकातल्या आणि उत्तरेकडच्या लोकांची. घरी कन्नड नाहीतर हिंदी, शाळेत मराठी, रस्त्यावर कोंकणी. परवा त्यातली एक चिमुरडी माझ्या आईला पाढे म्हणून दाखवत होती, बे एके बे, इतकी ठसक्यात की आई म्हणाली हिचा आवाज कोणाच्या तरी सारखा आहे, आणि मग आठवलं की माझ्या आत्येसारखा. शाळा उघडी आहे ती त्या सातांमुळे. पुढच्या वर्षी साइट संपली आणि ठेकेदाराने माणसं दुसरीकडे हलवली तर पट एकदम पाचावर, आणि हे कुठल्या प्रजनन दरात बसवणार तुम्ही?

म्हंजे मुद्दा सगळा येण्या-जाण्याचा. देश मोठा असतो तेव्हा स्थलांतर चिल्लर असतं, तालुका लहान असतो तेव्हा तीच नोट असते.

आणि गोव्याचं येणं-जाणं कधी एका दिशेने नव्हतंच. १९६०ला इथे हजार पुरुषांमागे १,०६६ बाया होत्या, कारण घरातला बाप्या मुंबईला, आफ्रिकेला, बोटीवर. मुंबईत धोबीतलावच्या कुडांत (गावकऱ्यांच्या वसतिगृहांत) गावागावाचे लोक राहायचे, आमच्या बाजूची हिंदू मंडळी गिरगावात. २०११ला तोच आकडा ९७३. म्हंजे आधी पुरुष जात होते, आता येतात, ते एका आकड्यात दिसतं. पण थांबा, जायचे थांबले का? नाही. मुक्तीपूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिक म्हणून नोंदणी करता येते, तो पासपोर्ट म्हणजे युरोपचा पासपोर्ट, म्हणून माझ्याबरोबर कॉलेजला असलेले तिघे इंग्लंडात स्विंडन आणि लेस्टरला पोचले, गोदामात काम करतात आणि फेसबुकवर बांगडा मासळीचे फोटो टाकतात. मग ब्रेक्झिट झालं, ३१ डिसेंबर २०२०नंतर युरोपच्या पासपोर्टवर इंग्लंडात नुसतं जाऊन राहायचं बंद झालं. आता सांगा, दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातून किती माणसं बाहेर जातील याचा अंदाज २०१०मध्ये काढणाऱ्याने इंग्लंडातल्या मतदाराच्या मनात काय आहे ते कसं धरायचं होतं?

खाणीचं तसंच. २०१२च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मग परत थोड्या चालू झाल्या, २०१८च्या मार्चात सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पुन्हा बंद. डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यात ट्रक उभे राहिले, बँकेचे हप्ते अडकले, गॅरेजवाले, चहावाले, भाड्याच्या खोल्यावाले सगळे बसले. माझा एक मित्र सांगे बाजूचा, त्याच्या बापाने खाणीवाल्यांसाठी सहा खोल्या काढल्या होत्या, त्यांत आता शेळ्या आहेत. हे मी काकाला मुद्दाम सांगितलं. काका म्हणाला, "विमानतळाची खाण थोडीच आहे, ते काय खणून संपणार?" बरोबर आहे म्हणा.

आता शेजारी बघा, पत्रादेवीच्या हद्दीपलीकडे महाराष्ट्रात. २००१ ते २०११मध्ये सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजारावरून ८ लाख ५० हजारावर आला, रत्नागिरी तर जवळजवळ पाच टक्क्यांनी घटली. महाराष्ट्र वाढतोय आणि त्याचे हे दोन जिल्हे आटताहेत, ही बातमी राज्याच्या एकूण आकड्यात कुठेच दिसत नाही. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गची पोरं रोज सकाळी गोव्यात कामाला येतात आणि रात्री परत जातात, ती गोव्यात खातात-पितात, इथलं पाणी वापरतात, पण मोजली जातात तिकडे. काही इथेच खोली घेतात. अंदाज करणारे लोक काय करतात, मागच्या दशकात निव्वळ इतके आले, मग पुढेही तितकेच येत राहतील असं धरतात. पण आंद्रेई रॉजर्स म्हणून या विषयातलं मोठं नाव, ते म्हणायचे की निव्वळ स्थलांतरित असा माणूस जगात कुठे नसतोच, येणारा वेगळा, जाणारा वेगळा, त्यांची वयं वेगळी, कारणं वेगळी. आणि मला वाटतं आमच्याकडे ते फार खरं आहे. सिंधुदुर्गातून दर वर्षी इतकी पोरं येतात असं धरून चाळीस वर्षं पुढे गेलात तर कागदावर गोवा फुगतो, पण तिकडे तेवढी पोरं उरणार आहेत का? तिथेही घरात एक-दोनच मुलं आहेत. आटणाऱ्या विहिरीवर पंपाची कपॅसिटी वाढवत नेल्यासारखं ते.

म्हणून नीट काम करायचं तर जिथून माणूस निघाला तिथल्या लोकसंख्येचा टक्का धरतात, म्हंजे पंचविशीतल्या शंभरांतले इतके दर वर्षी बाहेर पडतात असा, मग तिथली पंचविशीतली माणसं कमी झाली की येणारेही आपोआप कमी होतात. शिवाय सगळ्या जिल्ह्यांची बेरीज देशाच्या बेरजेला जुळली पाहिजे, नाहीतर होतं असं की प्रत्येक शहराच्या आराखड्यात वाढ दाखवलेली असते आणि सगळ्या आराखड्यांची बेरीज केली तर ती माणसं आणायची कुठून हा प्रश्न. माझ्या हातून असे बरेच रिपोर्ट गेलेत, त्यात घट दाखवणारा एकही नव्हता. घटणाऱ्या गावाला योजना कोण देणार? त्यामुळे सगळेच वाढतात, कागदावर.

तालुक्यांचे आकडे मी पहिल्यांदा ओळीने मांडले तेव्हा मला वाटलं टाइप करताना चूक झाली. २००१ ते २०११, सासष्टी साडेबारा टक्के वाढली, फोंडा अकरा, तिसवाडी पावणेअकरा. सांगे पावणेदोन टक्के, काणकोण पावणेतीनच्या जवळ. हे समजतं. पण बार्देस? कळंगुट, कांदोळी, हणजूण, पर्वरी, म्हापसा, जिथे बघावं तिथे क्रेन आणि बिल्डिंगी, आणि वाढ सव्वाचार टक्के! मग लक्षात आलं की बिल्डिंग वाढली म्हणजे माणूस वाढला असं नाही. २०११च्याच जनगणनेत गोव्यातल्या पाच घरांतलं एकाहून जास्त घर रिकामं होतं. दिल्ली-मुंबईवाल्यांचे सेकंड होम, गल्फ आणि इंग्लंडातल्यांचे फ्लॅट, आणि आमच्यासारख्यांची बंद पडवीची वडिलार्जित घरं. आमच्या वाड्यावर अकरा घरं आहेत, एरवी दिवा लागतो सहांत. चवथीला अकराही उघडतात, अंगणात गाड्या लावायला जागा नसते, पाण्याला प्रेशर येत नाही, सगळे मला शिव्या घालतात कारण मी "पाण्याचा इंजिनीयर". जनगणना होते फेब्रुवारीत. चवथीत केली तर आमचा वाडा डबल भरेल.

पाण्याच्या योजनेला खरं तर चवथीचाच आकडा लागतो, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याचा. पण तो कुठल्याच रकान्यात नसतो.

अजून एक भानगड, हद्दी. २०११ला उत्तर गोवा ८ लाख १८ हजार आणि दक्षिण ६ लाख ४० हजार. मग २०१५च्या जानेवारीत फोंडा तालुका दक्षिणेत टाकला. तेच जुने आकडे नव्या हद्दीत बसवले तर उत्तर ६ लाख ५२ हजार, दक्षिण ८ लाख ६ हजार. कोणी सामान हलवलं नाही, कोणी जन्मलं नाही मेलं नाही, आणि एक जिल्हा १ लाख ६६ हजारांनी वाढला. सांगेतून धारबांदोडा वेगळा झाला तेही तसंच. आणि "गोवा शहरी झाला" म्हणतात ना, २००१ला निम्मे लोक शहरात आणि २०११ला ६२ टक्के, त्यातली बरीच वाढ म्हणजे गावंच सेन्सस टाऊन ठरली. पाच हजारांवर वस्ती, चौरस किलोमीटरला चारशे माणसं आणि पाऊण टक्के बाप्ये, सॉरी, पाऊण हिस्सा, म्हंजे ७५ टक्के पुरुष शेतीबाहेरच्या कामात, की झालं शहर. पंचायत तीच, चर्चचं फेस्त तेच, देवळाची जत्रा तीच, गुरं रस्त्यात तशीच.

वर्षानुवर्षांचे अंदाज एका सहीने कसे पुसले जातात ते बघायचं असेल तर मे महिन्यात कुर्डीला जा. साळावली धरणात गेलेलं गाव, सांगे तालुक्यातलं, मोगूबाई कुर्डीकरांचं. पाणी उतरलं की सोमेश्वराचं देऊळ, घरांची जोती, वाटा वर येतात, आणि वाडे-वालकिणीला वसवलेली माणसं येऊन उत्सव करून जातात. मी गेलो होतो एकदा, एक आजी एका जोत्यावर उभी राहून नातवाला दाखवत होती, ही चूल, इथे दार, इथे तुळस, आणि नातू मोबाइलवर नेटवर्क शोधत होता. १९७१च्या आकड्यांवरून कुर्डीची रेघ पुढे ओढणाऱ्याच्या कागदावर ते गाव वाढतच गेलं असतं. आणि त्याच धरणाचं पाणी दक्षिण गोव्यात नळाला येतं, म्हंजे सासष्टी वाढायला कुर्डी रिकामी व्हावी लागली. आम्ही पाण्याची योजना लोकसंख्येवरून काढतो असं म्हणतो, पण पाणी गेलं तिथे लोकसंख्या जाते हेही तितकंच खरं, मग कोणाचा अंदाज कोणावर अवलंबून, कोंबडी आधी की अंडं.

जपानवाले यात आपल्यापुढे आहेत, म्हणजे त्यांच्यावर वेळच तशी आली. २०१४ला तिथे हिरोया मासुदा यांच्या समितीने यादीच काढली, ज्या गाव-शहरांत वीस ते एकोणचाळीस वयाच्या बाया २०४०पर्यंत निम्म्या होतील ती गावं टिकायची शक्यता कमी, आणि अशी ८९६ निघाली, साधारण निम्मी. केवढा गदारोळ झाला. २०२४ला परत तसंच केलं तर ७४४. मला त्यातलं आवडलं ते हे की एकूण माणसं न मोजता त्यांनी त्या वयाच्या बाया मोजल्या. कारण गावात किती माणसं आहेत यापेक्षा कुठल्या वयाची आहेत ते महत्त्वाचं. विमानतळावरची बावीस वर्षांची पाच पोरं एका खोलीत राहून तिशीत बंगळुरूला गेली तर काकाला भाडं मिळालं, शाळेला काही नाही. त्यांतल्या दोघांनी लग्न करून बायका आणल्या तर शाळेची दुसरी बाई परत येईल. दोन्हीकडे २०११सारख्या मोजणीत आकडा पाच-सातच दिसेल.

आणि हे सगळं आपण करतोय २०११च्या पायावर. २०२१ची जनगणना झालीच नाही, आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणार, पहिल्यांदा मोबाइलवर, जातीसकट. म्हंजे सोळा वर्षं आम्ही जुन्याच आकड्यावर नवीन पायप टाकतोय. या सोळा वर्षांत काय काय झालं, खाण बंद, करोना, मांडवीवर तिसरा पूल, घरून काम करणारे लोक आसगाव-शिवोलीत येऊन राहिले, आणि ११ डिसेंबर २०२२ला मोपाचं उद्घाटन. पेडणे तालुका २००१ला ७२ हजार, २०११ला पावणेशहात्तर हजार. शीटला विचारलं तर २०५१ला ९१ हजार, म्हंजे चाळीस वर्षांत पंधरा हजार. गोव्यातला पेडण्याचा वाटा धरून काढलं तर एक लाख दहा हजाराच्या आसपास, पण तो वाटासुद्धा त्या दशकात घसरत होता. शीटच्या हिशेबाने तिथे विमानतळ नाहीच.

गेल्या साली अशाच एका कामात मी तीन आकडे दिले, कमी, मधला, जास्त, आणि प्रत्येकाखाली कशामुळे ते लिहिलं. वरून फोन आला, तीन कशाला, एक द्या. मी म्हटलं साहेब, एक दिला तर तो खोटा असेल. ते म्हणाले, असू दे, पण एकच द्या. मग दिला मधला. पण डिझाइन करताना मी माझी हुशारी केली, पायपलाइन तीस वर्षांच्या हिशेबाने आणि पंप पंधरा वर्षांच्या, मॅन्युअलमध्ये तसंच आहे, आणि टाकीच्या बाजूला दुसऱ्या टाकीची जागा सोडून ठेवली. माणसं आली तर बांधा, नाही आली तर तिथे पंपवाला भेंडी लावेल.

तर काकाला मी शेवटी हे सगळं सांगितलं, एका रविवारी, सोलकढी पिता पिता. विमानतळ चालला, इंडस्ट्री आली, पोरं बायका घेऊन राहिली तर इतके. नुसती शिफ्टवाली पोरं आली तर इतके. आणि ती सगळी स्वस्त पडतं म्हणून बांद्याला राहायला गेली तर आपलं आहे तेवढंच, उलट थोडं कमी. काकाने शांतपणे ऐकलं, वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, "म्हंजे तुलाही माहीत नाही."

गेल्या महिन्यात काकाने स्लॅब घातला. खाली चार खोल्या. वर मजला नाही, पण बारा पिलरांच्या सळ्या दीड-दीड हात वर सोडून ठेवल्यात, आणि गंजू नयेत म्हणून काकीने प्रत्येक सळीवर कोल्ड्रिंकची रिकामी बाटली उलटी घालून ठेवलीय.